घर तारण ठेवून दरमहा पैसे घ्यावेत का?

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत राहतो. माझे वय ६६, यांचे ७२. हे सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. पीएफच्या योजनेतून दरमहा २,८०० रुपये पेन्शन येते. बँकेत १४ लाखांच्या ठेवी आहेत, त्यांवर सात टक्क्यांनी व्याज मिळते. दोघांची औषधे धरून महिन्याचा खर्च ३२,००० च्या घरात जातो आणि कमी पडेल तेवढी ठेव मोडतो. घर २००३ साली ९ लाखांना घेतले होते, आज त्याचे ८० लाख येतील असे एजंट सांगतात. घर यांच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यावर कर्ज नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे आता कुरकुरू लागले आहेत. मुलगा बेंगळुरूला, मुलगी सांगलीला. दोघांचे आपापले संसार आहेत, त्यांच्याकडे मागायला जीव धजत नाही. यांनी बँकेतून रिव्हर्स मॉर्गेजचा, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेण्याच्या कर्जाचा, अर्ज आणला आहे आणि मला सही करायला सांगतात. मुलगा म्हणतो, घेऊन टाका. मुलीला अजून सांगितलेले नाही. समोरच्या वहिनी म्हणतात, शेवटी बँक घराबाहेर काढते. जन्मभर कर्जाला भिऊन राहिलो, आता म्हातारपणी घरावर कर्ज काढायचे या विचाराने झोप लागत नाही. सही करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही सगळे आकडे मोकळेपणाने लिहिलेत, त्यामुळे मलाही मोघम न बोलता उत्तर देता येते. माझे मत असे आहे की आत्ता सही करू नका. हा अर्ज वाईट आहे किंवा बँक तुम्हाला फसवते आहे, असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. ही योजना तुमच्यासाठी दहा वर्षे आधी तुमच्या दारात आली आहे, आणि तुमच्या घराचा जिना तिच्या आड येतो आहे.

आधी समोरच्या वहिनींनी घातलेली भीती दूर करतो, कारण ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली आहे ती गोष्ट या योजनेत नाही. २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रिव्हर्स मॉर्गेजची घोषणा झाली, राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने तिचे नियम आखले, आणि त्या नियमांचा गाभाच असा आहे की कर्जदार पती-पत्नींपैकी शेवटची व्यक्ती हयात असेपर्यंत आणि त्या घरात राहत असेपर्यंत कर्ज फेडण्याची मागणी होत नाही. बँकेकडून येणारे हप्ते ठरलेल्या मुदतीनंतर, म्हणजे जास्तीत जास्त वीस वर्षांनी, थांबतात. पण हप्ते थांबले म्हणून घर सोडावे लागत नाही. दोघांच्या पश्चात घर विकून बँक आपली रक्कम व्याजासह वसूल करते, उरलेले पैसे वारसांना देते, आणि विक्रीतून कर्ज पूर्ण फिटले नाही तर ती तूट मुलांकडून मागू शकत नाही. मुलांना घर ठेवायचे असेल, तर कर्ज फेडून ते सोडवून घेण्याची पहिली संधी त्यांचीच असते. हातात येणारे हप्ते कर्जाची रक्कम मानले जातात, त्यामुळे त्यांवर प्राप्तिकर लागत नाही. ही तरतूद २००८ सालीच झाली. म्हातारपणी घरावर कर्ज काढण्यात काही कमीपणा आहे असे मनात असेल, तर तेही काढून टाका. जे घर तुम्ही पै-पै साठवून उभे केले, त्याने उतारवयात तुम्हाला पोसले तर त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

पण हे सारे संरक्षण ‘कर्जदार’ या एका शब्दावर उभे आहे, आणि म्हणून तुमच्या ‘सही करू का’ या प्रश्नाआधी मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो: ही सही बँक तुमच्याकडून कोणत्या नात्याने मागते आहे? अर्जावर तुमचे नाव सहकर्जदार म्हणून आहे, की घरमालकाची पत्नी या नात्याने तुम्ही नुसती संमती देत आहात? नियमांनुसार पती-पत्नी मिळून हे कर्ज घेऊ शकतात; त्यासाठी दोघांपैकी एकाचे वय किमान ६० आणि दुसऱ्याचे ५५ च्या खाली नाही एवढेच लागते, आणि तुम्ही त्यात सहज बसता. पण घर तुमच्या यजमानांच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि कर्जही त्यांच्या एकट्याच्या नावावर झाले, तर त्यांच्या पश्चात ते कर्ज लगेच देणे होईल आणि मग वहिनी म्हणतात ती वेळ खरोखर तुमच्यावर येऊ शकेल. तुम्ही त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहात. हे लिहिताना मला संकोच होतो, पण या निर्णयाचा शेवटचा भाग बहुधा तुम्हाला एकटीला निभवावा लागेल, हे धरूनच प्रत्येक आकडा तपासला पाहिजे.

आता ते आकडे पाहू. तुमचे पेन्शन आणि ठेवींचे व्याज मिळून महिन्याला साधारण ११,००० रुपये होतात, म्हणजे २१,००० कमी पडतात. असेच ठेवी मोडत राहिलात तर १४ लाख जेमतेम पाच वर्षे पुरतील. त्यामुळे तुमच्या यजमानांची घाई अनाठायी नाही. त्यांनी प्रश्न वेळेवर ओळखला आहे आणि त्याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

बँक घराच्या पूर्ण किमतीएवढे कर्ज देत नाही. वय, घराची अवस्था आणि स्वतःचे धोरण पाहून ती काही टक्के धरते. आपण हिशेबापुरते ६० टक्के धरू. ८० लाखांचे ६० टक्के म्हणजे ४८ लाख. पुष्कळ जणांची येथेच गल्लत होते. ४८ लाख ऐकले की तेवढे पैसे हातात येणार असे वाटते, पण ही रक्कम मुदत संपताना तुमच्या नावावर उभी राहणाऱ्या कर्जाची आहे, आणि तिच्यात व्याजही मोजलेले आहे. व्याजदर साडेदहा टक्के आणि मुदत १५ वर्षे धरली, तर तुमच्या हातात दरमहा सुमारे ११,०६० रुपये पडतील. पंधरा वर्षांत तुम्हाला मिळतील साधारण १९ लाख ९० हजार, आणि कर्ज झालेले असेल ४८ लाख. मधले २८ लाख व्याजाचे. आपल्या ओळखीच्या गृहकर्जात हप्ता भरत गेलो की कर्ज दर महिन्याला उतरते. येथे दर महिन्याला चढते, आणि चढलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढते. मुदत २० वर्षे केली तर महिन्याला ६,००० रुपयेसुद्धा येत नाहीत. तीच मुदत १० वर्षे केली, तर मात्र त्याच घरावर, त्याच दराने, महिन्याला २२,७०० च्या वर मिळतात.

या तीन आकड्यांत या योजनेचे सारे मर्म आहे. वय जितके जास्त आणि म्हणून मुदत जितकी कमी, तितका हप्ता मोठा आणि व्याजाचा बोजा हलका. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती चांगला आधार देते. नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाचे घर ती व्याजात झिजवते. यजमान ७२ वर्षांचे आहेत हे खरे, पण मुदत तुमच्या वयाला पुरली पाहिजे, आणि तुम्ही ६६ वर्षांच्या आहात.

हे कर्ज आज घेतले, तर पुढे काय होईल ते वर्षावार पाहू. ११,०६० रुपये मिळू लागले तरी खर्चाची तूट पूर्ण भरत नाही, त्यामुळे ठेवी मोडणे चालूच राहील. फक्त त्या पाचऐवजी जवळपास नऊ वर्षे पुरतील, आणि तेही महागाई अजिबात धरली नाही तर. त्या वेळी यजमान ८१ वर्षांचे असतील, तुम्ही ७५ वर्षांच्या. त्यानंतर हातात पेन्शन आणि हा हप्ता मिळून जेमतेम १४,००० राहतील, आणि आणखी सहा वर्षांनी हप्ताही थांबेल. त्या वेळी तुम्ही ८१ वर्षांच्या असाल. यजमानांच्या पश्चात पीएफ योजनेतून पत्नीला मिळणारे पेन्शन साधारण निम्मे असते, म्हणजे १,४०० रुपये. डोक्यावर छप्पर राहील, घरातून कोणी काढणार नाही, पण त्या घराच्या किमतीतला मोठा वाटा आधीच कर्जात गेलेला असेल आणि महिन्याच्या खर्चाला काहीही नसेल. महागाईचा हिशेब तर वेगळाच. ती वर्षाला सहा टक्के धरली, तर आजचे ११,००० रुपये पंधरा वर्षांनी ४,६०० रुपयांच्या मोलाचे राहतात. नियमांप्रमाणे बँक किमान पाच वर्षांतून एकदा घराचे फेरमूल्यांकन करते आणि किंमत वाढली असेल तर हप्ता वाढू शकतो. पण तो वाढेलच असे धरून आज संसाराचा हिशेब मांडू नये.

दुसरी अडचण तुम्ही स्वतःच एका ओळीत लिहून पुढे गेलात, आणि मला ती आकड्यांहून मोठी वाटते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरतात. रिव्हर्स मॉर्गेजची अटच अशी आहे की ते तुमचे कायमचे राहते घर असले पाहिजे. सलग एक वर्ष तुम्ही तेथे राहिला नाहीत, तर बँक कर्ज परत मागू शकते. घर किंवा त्यातली एखादी खोली भाड्याने देता येत नाही. घरपट्टी थकवली, विमा उतरवला नाही किंवा घराची देखभाल केली नाही, तरीही तीच वेळ येते. आज तुम्ही जिना चढता. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, किंवा यजमानांना पक्षाघातासारखे काही झाले आणि तुम्हा दोघांना दीड वर्ष मुलाकडे बेंगळुरूला जाऊन राहावे लागले, तर या कर्जाचा पायाच सुटतो. ज्या घरात पुढची वीस वर्षे राहता येईल अशी शरीराला खात्री वाटते, तेच घर या योजनेला द्यावे. तुमच्या घराबद्दल तुमचे गुडघे आत्ताच काही वेगळे सांगत आहेत.

इमारतीचेही वय होते. घराचे उरलेले आयुष्य किमान वीस वर्षे असावे असा नियम आहे, आणि बँकेचा मूल्यांकनकार एजंटपेक्षा हात राखूनच किंमत लावतो. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला तर आणखी कमी. त्यातून पुढच्या काही वर्षांत तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू होऊ शकते. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती त्यासाठी पुरते. पुनर्विकास होणे सभासदांच्या फायद्याचे असते, पण घर बँकेकडे तारण असेल तर बँकेची परवानगी, नव्या घराची कागदपत्रे, मधल्या काळातले भाड्याचे घर आणि ‘कायम वास्तव्या’ची अट हे सारे गुंते एकाच वेळी तुमच्यासमोर येतील. पंचाहत्तरीत असा पत्रव्यवहार करायची वेळ कोणावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

मग कोणाला ही योजना शोभते? माझ्या नात्यातल्या एका मावशींनी ती ७८ व्या वर्षी घेतली. यजमान आधीच गेलेले, मुले परदेशात स्थिरावलेली आणि घर नको असे दोघांनीही स्पष्ट सांगितलेले, सदनिका लिफ्टच्या इमारतीत, दवाखाना कोपऱ्यावर, आणि ठेवी आजारपणात संपलेल्या. त्यांना हे घर सोडायचे नव्हते आणि सोडायची गरजही पडणार नव्हती. दरमहा येणाऱ्या रकमेतून त्यांनी दिवसभराची बाई ठेवली. मुलांना फोनवर पैशांचा विषय काढावा लागत नाही याचे त्यांना जे समाधान होते, त्याची किंमत कोणत्याही व्याजदराने मोजता येणार नाही. जवळ दुसरे काही उरलेले नाही, वय झालेले आहे, घर राहण्याजोगे आहे आणि ते मागे ठेवायची निकड नाही, अशा माणसाने कचरता कामा नये. तुमच्याकडे अजून दुसरा मार्ग शिल्लक आहे, एवढाच तुमच्यात आणि मावशींत फरक आहे.

तो मार्ग घर बदलण्याचा. ‘घर विका’ हे कागदावर लिहायला दोन शब्द लागतात, पण बावीस-तेवीस वर्षांचे शेजार, गॅलरीतली तुळस, ओळखीचा वाणी आणि भाजीवाला हे सारे त्या दोन शब्दांत मोडते, याची मला जाणीव आहे. तरीही हिशेब पाहा. घर ८० लाखांना गेले आणि त्याच भागात किंवा थोडे पुढे, तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत, एका बेडरूमचे घर ४५ लाखांना मिळाले, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साधारण ३ लाख आणि दलाली, रंगकाम, सामानाची ने-आण यांचे २ लाख धरूनही ३० लाख हातात राहतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. तिचा व्याजदर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्क्यांवर राहिला आहे, आणि पैसे ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षे बदलत नाही. ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये. तुमच्या आजच्या १४ लाखांपैकी १० लाख तुम्हा दोघांपैकी दुसऱ्याच्या नावाने याच योजनेत ठेवले तर आणखी ६,८००, आणि उरलेले ४ लाख अडीअडचणीसाठी बँकेतच राहू दिले तर त्यांचे २,३००. पेन्शन मिळवले की बेरीज ३२,००० च्या थोडी वरच जाते, आणि मुद्दल ४४ लाख शाबूत राहते. पुढे महागाईने खर्च वाढेल तेव्हा त्या मुद्दलातून थोडे थोडे घेता येईल, आणि तसे घेताना कोणाचेही व्याज चढणार नाही. शिवाय नवे घर बोजाविना असेल. तुम्ही ७६-७७ वर्षांच्या व्हाल आणि पैसे पुन्हा कमी पडू लागतील, तेव्हा त्या घरावर रिव्हर्स मॉर्गेज घेण्याचा पर्याय तसाच उघडा राहील, आणि तेव्हा तो तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल.

कराची धास्ती घेऊ नका, पण विक्रीचा व्यवहार ठरवण्याआधी सीएकडून लेखी हिशेब करून घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी जुन्या पद्धतीने, महागाई निर्देशांक लावून, नफा मोजण्याचा पर्याय ठेवलेला आहे. तुमच्या ९ लाखांची किंमत त्या पद्धतीने ३० लाखांच्या आसपास जाते, आणि उरलेला नफा बहुतेक सगळा नव्या घरात गुंतत असल्यामुळे कर नाममात्र राहील असे दिसते. नवे घर घेण्याआधी जुने विकून मोकळे होऊ नका, आणि विसार घेण्याआधी दोन्ही व्यवहारांच्या तारखा जुळवा, म्हणजे मध्ये भाड्याने राहायची पाळी येणार नाही. सध्याचे घर भाड्याने देऊन स्वतः दुसरीकडे भाड्याने राहण्याचाही विचार मनात येईल, पण येणाऱ्या आणि जाणाऱ्या भाड्यातला फरक फार थोडा उरतो आणि दर काही महिन्यांनी घर बदलण्याची टांगती तलवार राहते. मी त्या वाटेला जाणार नाही.

नव्या घराच्या खरेदीखतात तुमचे नाव यजमानांच्या जोडीने असलेच पाहिजे, याबाबत मात्र संकोच करू नका. तुमची जमापुंजीही दोघांच्या नावाने किंवा परस्परांच्या नामनिर्देशनाने बांधून ठेवा. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, म्हणून दोघांनीही साधे, स्पष्ट मृत्युपत्र करून ते नोंदवा. घर विकायचे नाही असेच दोघांनी ठरवले, तर आहे त्या घरात तरी तुमचा हिस्सा बक्षीसपत्राने घ्या. महाराष्ट्रात पती-पत्नीत किंवा आईवडिलांकडून मुलांना राहते घर बक्षीस देण्यासाठी मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वकिलांकडून आधी विचारून घ्या.

त्याच २०० रुपयांचा दाखला देऊन उद्या कोणी तुम्हाला सुचवेल की घर मुलाच्या नावावर करा, तो महिन्याला पैसे पाठवत राहील. ते करू नका. तुमचा मुलगा गुणी असेल, त्याच्याबद्दल मला कसलीच शंका नाही. पण नोकरी जाते, आजार येतात, संसार मोडतात, आणि मग घर त्याच्या नावावर असते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास रद्द करून घेण्याची सोय ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात आहे. परंतु त्यासाठी आईने मुलाविरुद्ध न्यायाधिकरणात उभे राहावे लागते, आणि तशी वेळच येऊ नये हे बरे.

औषधपाण्याच्या खर्चातही थोडी सुटका शक्य आहे. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. यजमानांचे कार्ड अजून काढले नसेल तर या आठवड्यात काढा. तुमचे वय अजून त्यात बसत नाही, म्हणून बाजूला ठेवायला सांगितलेले चार लाख तुमच्या गुडघ्यांसाठी आहेत असे समजा.

इतके सांगूनही तुम्ही दोघांनी विचारपूर्वक ठरवले की हे घर सोडायचे नाही, तर तो निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. जिथे मन लागते तिथे राहण्यालाही मोल असते. तेव्हा एवढे करा की दरमहाचा हप्ता आत्ता सुरू न करता निदान तीन-चार वर्षे थांबा. त्या काळात ठेवी ज्येष्ठ नागरिक योजनेत हलवून वाढीव व्याज घ्या, आणि मुलांना दरमहा ठरावीक रकमेबद्दल स्पष्ट विचारा. जीव धजत नाही असे तुम्ही लिहिता, पण मुलगा घर नको म्हणत असेल आणि मुलगीही तसेच म्हणाली, तर त्यांनी आज दहा हजार पाठवून पुढे आख्खे, बिनकर्जाचे घर वारशात घेणे हे तिघांच्याही फायद्याचे आहे. तुम्ही बँकेला साडेदहा टक्के देण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. त्यानंतर कर्ज घ्यायचे झालेच, तर दोघेही कर्जदार असल्याचे मंजुरीपत्रात छापलेले पाहा, दर स्थिर आहे की बदलता आणि तो किती वर्षांनी बदलतो हे लेखी घ्या, आणि दरवर्षी कर्जाची थकीत रक्कम किती होत जाईल याचा वर्षावार तक्ता मागा. मोठ्या आजारपणासाठी यात एकरकमी पैसेही मिळू शकतात, पण पात्र कर्जाच्या निम्म्यापर्यंत आणि १५ लाखांच्या मर्यादेतच, आणि ते घेतले की मासिक हप्ता तितका घटतो. बँक तुमच्याकडून नोंदणीकृत मृत्युपत्रही मागेल, ज्यात या कर्जाचा आणि बँकेच्या हक्काचा उल्लेख असेल. ते घाबरण्यासारखे नाही, पण त्याचा प्रत्येक शब्द मराठीत समजावून घ्या. कागदांवर सह्या झाल्यावरही मन बदलले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत व्यवहार रद्द करता यावा अशी सोय नियमांत सुचवलेली आहे. ती तुमच्या बँकेच्या कागदांत आहे का, तेही पाहा.

आणि मुलीला अजून सांगितलेले नाही, हे तुमच्या पत्रातले वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. कायद्याने तिचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि घर सोडवायचे की विकू द्यायचे हा निर्णय पुढे तिलाही घ्यावा लागेल. आज सल्ल्यातून वगळलेली मुलगी उद्या भावावर संशय घेईल, आणि त्यात दोघांचाही दोष नसेल. तेव्हा अर्ज कपाटात राहू द्या आणि आज संध्याकाळी सांगलीला फोन करा. ती दोन दिवस येऊ शकली तर लिफ्टची तीन-चार घरे तिला बरोबर घेऊनच पाहा, आणि शक्य तर दुपारी न जाता संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने तुमचे गुडघे थकलेले असताना जा.